फूरेनची सहा खेडी आणि आपली चार सूत्रे

सीमाभागात वाढलेल्या माणसाला चार सूत्रे पाठ असतात: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. ही चारही सूत्रे एकाच दिशेला बोट दाखवतात असे आम्ही गृहीत धरून चालतो, आणि आपल्या प्रश्नापुरते ते बव्हंशी खरेही आहे. परंतु बेल्जियममधील फूरेन नावाच्या सहा खेड्यांचा इतिहास वाचताना या गृहीतकाला तडा गेला, हे आम्ही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

बेल्जियम १८३० मध्ये स्वतंत्र झाला. उत्तरेचे फ्लेमिश लोक डचभाषक, दक्षिणेचे वालून लोक फ्रेंचभाषक. संख्येने फ्लेमिश अधिक, पण सत्तेची भाषा फ्रेंच. कायद्याच्या डच पाठाला फ्रेंच पाठाच्या बरोबरीचे स्थान मिळण्यास १८९८ साल उजाडावे लागले. पुढे १९३२ च्या कायद्याने कारभाराची भाषा प्रदेशानुसार ठरली आणि सीमेवरचे गाव कोणत्या भाषेचे, हा निवाडा दर दहा वर्षांच्या जनगणनेवर सोपविण्यात आला.

वरकरणी याहून न्याय्य ते काय? परंतु शिरगणतीला कारभाराचा निकाल जोडला की ती शिरगणती राहत नाही, सार्वमत होते. १९४७ च्या गणनेतील भाषेचे आकडे सरकारने १९५४ पर्यंत दाबून ठेवले. ते बाहेर आले तेव्हा ब्रुसेल्सलगतच्या तीन पालिका फ्लेमिश प्रदेशातून निघून द्विभाषिक राजधानीत गेल्या. पुढच्या गणनेच्या वेळी अनेक फ्लेमिश नगरप्रमुखांनी भाषेचा प्रश्न असलेले अर्ज वाटण्यासच नकार दिला. अखेर १९६१ च्या कायद्याने तो प्रश्नच काढून टाकला. महाराष्ट्राच्या मागणीचा आधार १९५१ च्या जनगणनेचे आकडे आहेत, हे जाणणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे.

फूरेनमध्ये १९३० च्या गणनेत डचभाषकांचे स्पष्ट बहुमत होते, १९४७ मध्ये फ्रेंचभाषकांचे झाले. सतरा वर्षांत गावे उठून गेली नव्हती, की घरातली बोलीही पालटली नव्हती. ती डचच्या कुळातलीच होती. पालटले ते उत्तर. रोजगार आणि बाजार लिएज या फ्रेंचभाषक औद्योगिक शहरात. शिवाय महायुद्धात काही फ्लेमिश संघटनांनी जर्मनांशी हातमिळवणी केल्यामुळे फ्लेमिश म्हणवून घेणे अनेकांना नकोसे झाले होते. भाषाशास्त्रज्ञाने बोली ऐकून एक निकाल दिला असता, खेडुताने अर्जावर दुसराच लिहिला.

८ नोव्हेंबर १९६२ च्या कायद्याने भाषिक सीमा कायमची आखली. मुस्क्रों आणि कोमिन हा पश्चिमेकडील फ्रेंचभाषक भाग फ्लेमिश प्रांतातून काढून हेनो या वालून प्रांताला देण्यात आला आणि जणू त्याची भरपाई म्हणून फूरेन लिएज प्रांतातून काढून लिंबुर्खला जोडण्यात आले. नकाशा पाहावा. फूरेनच्या उत्तरेस नेदरलँड्स, दक्षिणेस लिएज, आणि ज्या लिंबुर्खमध्ये ते गेले त्याला त्याची सीमा कोठेच भिडत नाही. कोमिनही तसेच, आपल्या नव्या प्रांतापासून तुटलेले. म्हणजे बोलीचा विचार जिंकला, सलगता गेली आणि लोकेच्छा कोणी विचारलीच नाही. फ्रेंचभाषकांना प्रशासनात व प्राथमिक शिक्षणात सवलती तेवढ्या देऊ केल्या.

मग जे व्हायचे ते झाले. गावांच्या पाट्यांवरील नावे रात्रीतून रंगाने पुसली जाऊ लागली. ‘लिएजकडे परत’ हा पक्ष १९८२ च्या स्थानिक निवडणुकीत जिंकला आणि त्याचे नेते जोझे आपार नगरप्रमुख नेमले गेले. डच भाषेचे ज्ञान त्यांनी सिद्ध केले नाही, म्हणून राज्यपरिषदेने, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, १९८६ मध्ये त्यांची नेमणूक रद्द ठरविली. प्रश्न तरीही मिटेना आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये पंतप्रधान मार्टेन्स यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. जेमतेम चार हजार वस्तीच्या खेड्यांपायी!

वकिलाच्या नजरेला यात आणखी एक गोष्ट खुपते. १९७० पासून बेल्जियमच्या राज्यघटनेनुसार भाषिक सीमा बदलायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत प्रत्येक भाषागटाचे वेगळे बहुमत आणि शिवाय एकूण दोन-तृतीयांश मते लागतात. ज्याच्या पदरात गाव पडले, त्याच्या हातीच कुलूप. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात असे कुलूप नाही. राज्याचे मत मागवायचे असते, परंतु ते बंधनकारक नसते, आणि साध्या बहुमताने संसद सीमा बदलू शकते. दार उघडे असूनही आपला दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला, याचा दोष घटनेच्या शब्दांना देता येणार नाही.

फूरेनचा निकाल न्यायालयाने लावला नाही, संसदेनेही लावला नाही. २००० च्या स्थानिक निवडणुकीत तेथे प्रथमच डचवादी गटाला बहुमत मिळाले. लिएजवाद्यांचे मन पालटल्यामुळे नव्हे. युरोपीय संघाच्या नियमामुळे तेथे राहायला आलेल्या नेदरलँड्सच्या नागरिकांना त्या वर्षी पहिल्यांदा मताधिकार मिळाला होता आणि त्यांच्या मतांनी पारडे झुकले. १९६२ मध्ये ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांच्यापैकी बरेच जण तोवर हयात नव्हते.