हुजूरपागा ते विम्बल्डन

नाशिकला गेलेल्या प्रत्येकीने गोल्फ क्लबचे मैदान पाहिलेले असते. त्याचे नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे; परंतु रिक्षावाल्याला जुनेच नाव लवकर समजते. तेथे क्रिकेटचे सामने होतात, सकाळी मंडळी फिरावयास येतात. गोल्फ तेवढा कोणी खेळत नाही. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, नाव मात्र राहिले. त्यामुळे २०२१ च्या ऑगस्टात टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक गोल्फच्या पदकाजवळ जाऊन पोहोचली, तेव्हा आमच्या भिशीत पहिला प्रश्न निघाला तो "हा खेळ खेळतात तरी कसा?" असा. अदितीचे पदक एका फटक्याने हुकले. ती चौथी आली. सर्वांनाच हळहळ वाटली. मग एकीने विचारले, "आपल्या मराठी घरांतून अशी बाहेर जाऊन खेळणारी पहिली कोण?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मागाहून वाचनात जे आले ते गोल्फचे नव्हे, टेनिसचे आहे. परंतु दोन्ही खेळ साहेबाबरोबर एकाच बोटीने आलेले, दोन्ही जिमखान्यात वाढलेले. तेव्हा फार अंतर पडले असे नाही. त्या बाईंचे नाव लीला राव. त्यांची हकीकत सांगावयाची तर आरंभ त्यांच्यापासून करून चालत नाही, त्यांच्या आजोबांपासून करावा लागतो. आणि ती वाट आपल्या निफाडवरून जाते!

१८८४ सालची गोष्ट. त्या वर्षी इंग्लंडात विम्बल्डन येथे स्त्रियांची टेनिस स्पर्धा प्रथमच भरली. अवघ्या तेरा जणींनी नावे दिली होती. घोट्यापर्यंत पोहोचणारे पांढरे झगे घालून त्या खेळल्या, आणि मॉड वॉटसन नावाच्या मुलीने आपल्या थोरल्या बहिणीला हरवून ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी, सप्टेंबरात, पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. हुजुरातीची पागा जेथे होती त्या जागेवर ते उभे राहिले, म्हणून त्याला हुजूरपागा म्हणतात. ते काढणाऱ्यांत आपल्या निफाडात जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, डॉ. भांडारकर होते, वामन आबाजी मोडक होते, आणि शंकर पांडुरंग पंडित होते. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवून काय साधणार, असा ओरडा पुण्यात पुष्कळ झाला. विम्बल्डनच्या हिरवळीचा आणि पुण्याच्या पागेचा परस्परांशी काही संबंध आहे असे त्या वर्षी कोणी म्हटले असते, तर त्याला लोकांनी वेड्यात काढले असते.

शंकर पांडुरंग पंडित हे मोठे विद्वान. १८६९ साली तुकोबांच्या गाथेची जी संपादित आवृत्ती निघाली, तिच्या कामात त्यांचा हात होता. वेदांचा अर्थ मराठीत व इंग्रजीत सांगणारे 'वेदार्थयत्न' हे मासिक त्यांनी चालविले. पुढे ते पोरबंदर संस्थानचा कारभार पाहत असताना स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे येऊन राहिले होते. तुम्ही पश्चिमेकडे जा, तुमचे म्हणणे तेथे लवकर समजेल, त्यासाठी फ्रेंच शिका, असा सल्ला पंडितांनी त्यांना दिला म्हणतात. आपल्या घरातली एक नात पुढे याच वाटेने पश्चिमेकडे जाईल हे त्यांना कोठून कळावे? नातीचे राहो, मुलगी मोठी झालेली पाहणेही त्यांच्या नशिबी नव्हते. १८९४ साली ते वारले, तेव्हा त्यांची क्षमा पुरती चार वर्षांचीही नव्हती.

या क्षमाबाई म्हणजेच पुढे 'पंडिता' म्हणून गाजलेल्या क्षमा राव. जन्म पुण्याचा, ४ जुलै १८९० चा. बापावेगळ्या मुलीचे बालपण जसे जावयाचे तसेच त्यांचेही गेले. परंतु संस्कृताची ओढ रक्तातच होती. मॅट्रिक होऊन त्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेल्या, आणि विसाव्या वर्षी डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डॉक्टर मुंबईतले नामांकित वैद्य. त्यांच्याबरोबर क्षमाबाईंनी युरोपचा प्रवास केला. आणि येथेच गंमत आहे. संस्कृतात छंदोबद्ध लिहिणारी ही बाई टेनिसही उत्तम खेळत असे. कोणाला वाटेल की एका हातात पोथी आणि दुसऱ्या हातात रॅकेट ही नुसती बोलण्याची तऱ्हा झाली. क्षमाबाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते.

लीला ही त्यांची मुलगी, जन्म डिसेंबर १९११ चा. खेळाचा नाद तिला लागला तो आईमुळे. आपल्याकडे मुलगी आईकडून काय काय उचलते याची यादी करावयास बसले तर पुरणाच्या कटापासून रागावण्याच्या तऱ्हेपर्यंत सर्व काही निघेल. खेळ मात्र त्या यादीत क्वचितच सापडतो. याचे कारण उघड आहे. आईचा खेळ तिच्या लग्नाच्या पुष्कळ आधीच सुटलेला असतो. मी स्वतः सातवीपर्यंत खो-खो बरा खेळत असे. आठवीत गेल्यावर घरून सांगण्यात आले की आता पुरे. मलाही त्यात वावगे काही वाटले नाही, कारण माझ्या सर्व मैत्रिणींचे तसेच झाले होते. त्यानंतर मी पळाले ती एकदम मंगळागौरीला, तीही नऊवारीत आणि माजघरात!

लीलाबाईंचे तसे झाले नाही. १९३१ साली, विशीच्या आत, त्यांनी अखिल भारतीय स्पर्धेत स्त्रियांच्या एकेरीचे विजेतेपद मिळविले. पुढची सुमारे बारा वर्षे त्या स्पर्धेत त्यांचे नाव पुन्हा पुन्हा वर आले.

भारतातून विम्बल्डनला गेलेली पहिली स्त्री त्या नव्हेत. तो मान १९२९ साली जेनी सँडिसन या अँग्लो-इंडियन मुलीने मिळविला होता. परंतु तेथे जाणे निराळे आणि तेथे जिंकणे निराळे. १९३४ साली लीला राव विम्बल्डनच्या एकेरीत उतरल्या. पहिल्याच फेरीत समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल उभी राहिली. निकाल ४-६, १०-८, ६-२ असा आहे.

आपल्यापैकी ज्यांनी टेनिस कधी पाहिलेले नाही त्यांना हे आकडे वाण्याच्या वहीतल्यासारखे दिसतील, म्हणून थोडे उलगडून सांगते. स्त्रियांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकावे लागतात. एक सेट जिंकावयाचा तर सहा गेम मिळवावयाचे, पण प्रतिस्पर्ध्यापेक्षा निदान दोन पुढे असले पाहिजे. आता सहा-सहा अशी बरोबरी झाली की टायब्रेक लावून सेट तेथेच निकालात काढतात. ती सोय विम्बल्डनला १९७१ साली आली. त्याआधी बरोबरी सुटेपर्यंत खेळतच राहावे लागे. लीलाबाईंनी पहिला सेट गमावला होता. दुसरा गेला असता तर सर्वच संपले असते. जहाजाने सात समुद्र ओलांडून आलेली मुलगी पहिल्याच सामन्यात परत फिरली असती. तो सेट सहावर संपला नाही, सातवर संपला नाही, आठवरही संपला नाही. अठरा गेम झाले तेव्हा तो १०-८ असा त्यांच्या पदरात पडला. आणि तिसऱ्यात साउथवेलला अवघे दोन गेम मिळाले. इतकी झुंज झाल्यावर दम कोणाचा राहिला होता हे त्या शेवटच्या आकड्यावरून कळते. मला तर या सर्व हकीकतीत तो दहा-आठचा सेटच सर्वांत मोलाचा वाटतो.

विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ती ही. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अडामॉफने त्यांना हरविले. त्या वर्षीचे विजेतेपद इंग्लंडच्या डोरोथी राउंडकडे गेले. पुढल्या वर्षी लीलाबाई पुन्हा गेल्या, पण पहिल्याच फेरीत हरल्या. हे लपविण्यात अर्थ नाही.

१८८४ मध्ये ज्या आजोबांनी पुण्यात मुलींच्या शाळेसाठी खटपट केली, त्यांच्या नातीने त्याच १८८४ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत बरोबर पन्नास वर्षांनी सामना जिंकला. कादंबरीत कोणी असे घातले तर ओढूनताणून जुळविले आहे असे आपण म्हणू. येथे सालेच तशी पडली आहेत, त्याला कोण काय करणार!

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. हे सर्व घडले ते सुस्थितीतल्या घरात. वडील नामांकित डॉक्टर, आई युरोप पाहिलेली, जिमखान्याचे दार उघडे. त्या काळी टेनिस हा हौशी खेळाडूंचा खेळ होता. जिंकणाराला चषक मिळे, टाळ्या मिळत. पैसा मिळत नसे, आणि जो पैसा घेईल त्याला विम्बल्डनचे दार बंद होई. फ्रान्सची सुझान लेंग्लेन ही त्या काळची अजिंक्य खेळाडू. तिने १९२६ साली पैसे घेऊन अमेरिकेत सामने खेळावयाचे ठरविले, तेव्हा तिच्या नावाने पुष्कळ नाके मुरडली गेली. हौसेने खेळणारा तो कुलीन आणि पोटासाठी खेळणारा तो हलका, असा हा हिशेब. पण ज्याच्या घरी खावयास आहे त्यालाच हौस परवडते, हे त्या हिशेबात कोठे धरलेलेच नव्हते.

गोल्फमध्ये बायकांनीच हा हिशेब मोडला. बेब झाहारियास ही अमेरिकेची सुताराची मुलगी. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये धावण्यात आणि भालाफेकीत मिळून दोन सुवर्णपदके घेऊन ती पुढे गोल्फकडे वळली. १९५० साली तेरा जणींनी मिळून धंदेवाईक स्त्री-गोल्फपटूंची संस्था उभी केली, त्यांत ती एक होती. १९५३ मध्ये तिचे कर्करोगाचे ऑपरेशन झाले आणि १९५४ मध्ये तिने अमेरिकेची खुली स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली! १९५६ साली ती वारली. परंतु खेळून स्त्रीला पोट भरता येते हे त्या तेरा जणींनी दाखवून दिले. अदिती अशोक आज त्याच वाटेने कमावते. टेनिसचे दार धंदेवाईकांना १९६८ मध्ये उघडले, आणि विम्बल्डनला स्त्री-पुरुषांना सारखे बक्षीस मिळू लागले ते २००७ मध्ये. लीलाबाईंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. विजेतेपदे झाली, पण त्यांतून उपजीविका व्हावी अशी सोयच नव्हती.

मग त्यांनी काय केले? १९४३ च्या सुमारास सनदी नोकर हरीश्वर दयाल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दयाल पुढे नेपाळात भारताचे राजदूत होते. लीलाबाईंनी मणिपुरी नृत्याचा अभ्यास करून त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. संस्कृतात नाटके लिहिली, आणि त्यांतली कित्येक आईच्या कथांवरून रचली. क्षमाबाईंच्या त्या कथा बालविधवांच्या, गावातल्या गांजलेल्या बायकांच्या आहेत. देवभाषेत असले विषय आणणारी ती बाई! त्यांनी गांधीजींच्या चळवळीवर गीतेसारखी अठरा अध्यायांची 'सत्याग्रहगीता' रचली आणि ती १९३२ मध्ये पॅरिसला छापून घेतली, कारण इंग्रजी अमलात ती येथे छापणे धोक्याचे होते. म्हणजे आईचे राजद्रोही काव्य १९३२ चे, आणि मुलीने राजाच्या देशात जाऊन तेथल्या मुलीला हरविले ते १९३४ चे. एकाच घरातून दोन वर्षांत साहेबाला ही दोन उत्तरे गेली.

वडिलांचा चेहराही ज्यांना नीट आठवत नसेल त्या क्षमाबाईंनी १९३९ मध्ये 'शंकरजीवनाख्यान' हे वडिलांचे चरित्र संस्कृत पद्यात लिहून काढले. पुढे १९५० मध्ये तुकोबांचे चरित्रही लिहिले. ज्या गाथेवर वडिलांचे डोळे शिणले होते ते ऋणही त्यांनी असे फेडले. १९५४ मध्ये त्या वारल्या.

२००५ साली हैदराबादच्या सानिया मिर्झाने विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकला तेव्हा वर्तमानपत्रांनी लीला रावांचे नाव पुन्हा एकदा काढले. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली होती. अलीकडे, २०२३ मध्ये, आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर आशियाई खेळांत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक आणले, ते आपण सर्वींनी पाहिलेच.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ही हकीकत थोडक्यात सांगितली. माझी नात दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आठवीत आहे आणि शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. सर्व बायका उठून वाण घ्यावयास गेल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "आजी, त्या १०-८ च्या सेटच्या वेळी त्यांची आई तिथे बसलेली होती का ग?" मला ते कोठे वाचावयास मिळाले नव्हते, तसे मी तिला सांगितले. शनिवारी तिचा सामना आहे. मी जाणार आहे.