परांजपे, शिवराम महादेव

(२७ जून १८६४–२७ सप्टेंबर १९२९). ‘काळ’ या साप्ताहिकाचे संपादक, वक्ते, निबंधकार व सत्याग्रही. जन्म महाड येथे. संस्कृत घेऊन एम. ए. झाल्यावर पुण्याच्या महाराष्ट्र महाविद्यालयात त्यांनी काही वर्षे अध्यापन केले.

१८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी दंडसंहितेच्या १२४ अ या कलमाची व्याप्ती वाढवून, सरकारविषयी द्वेष वा तुच्छताबुद्धी उत्पन्न करणारे लेखनही स्पष्ट शब्दांत त्यात गोवण्यात आले. त्याच वर्षी, १८९८ मध्ये, परांजप्यांनी ‘काळ’ काढला. सरळ बोलणे असे गुन्ह्याच्या कक्षेत गेल्यामुळे त्यांनी वक्रोक्तीचा आश्रय केला, आणि कधी पुराणकथेच्या, कधी इतिहासाच्या आडून, तर पुष्कळदा राज्यकर्त्यांची स्तुतीच चालली आहे अशा आविर्भावात, पारतंत्र्याची लाज वाचकाच्या अंतःकरणात उतरविली. संस्कृत अलंकारशास्त्राच्या व्यासंगाचा इतका धैर्ययुक्त उपयोग मराठी पत्रसृष्टीत दुसऱ्या कोणी केलेला दिसत नाही. विनायक दामोदर सावरकरांसारख्या तरुणांची मने या लेखांनी घडविली.

मुझफ्फरपूर येथील क्रांतिकारकांच्या बॉम्बस्फोटानंतर, १९०८ मध्ये, सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाची फिर्याद केली. मुंबईच्या हायकोर्टात त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या खटल्याच्या सुमारास मुंबईत असलेल्या टिळकांनाही तेथेच अटक झाली. लेखणी चालविणाऱ्यास कैदेत घालूनही सरकारचे समाधान झाले नाही. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने संपादकाचा अपराध शाबीत करण्याची यातायातच उरली नाही. जबर जामीन मागितला की पत्र आपोआप बंद पडावे, अशी तजवीज झाली, आणि ‘काळ’ त्याच वर्षी बंद पडला. पुढे ‘काळा’तील निवडक निबंधांचे खंडही सरकारजमा झाले. त्या खंडांवरील बंदी परांजप्यांच्या हयातीत उठली नाही.

१९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले. टाटांच्या धरणात जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांच्या मुळशी सत्याग्रहात उतरून, साठीच्या उंबरठ्यावर, १९२२ मध्ये त्यांनी पुन्हा ६ महिन्यांचा कारावास पत्करला. ‘मानाजीराव’, ‘पहिला पांडव’ ही नाटके व ‘विंध्याचल’ ही कादंबरी हे त्यांचे अन्य लेखन होय. १९२९ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.