अतिजोखमीची मनोवस्था : एका निकषाची कुळकथा

वास्तवाचे भान सुटून जेव्हा माणसाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात (भास), कोणत्याही पुराव्याने न हलणाऱ्या खोट्या समजुती त्याच्या मनात घर करतात (भ्रम) आणि विचारांची संगती विस्कटते, तेव्हा त्या अवस्थेला मनोविकारशास्त्रात सायकोसिस म्हणतात; स्किझोफ्रेनिया हा तिचा सर्वांत परिचित प्रकार होय. ही अवस्था उघड होण्यापूर्वीच तिच्या वाटेवर असलेल्यांना ओळखून मदत द्यावी, ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षांची आहे. ती व्यवहारात आणणारा निकष मात्र १९९० च्या दशकातला आहे.

हा विचार सुचण्याआड प्रथम आजाराविषयीची निराशाच आली. एमिल क्रेपेलिन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली बुद्धिऱ्हास, या नावाखाली ज्या आजाराचे वर्णन केले, तो बहुधा उत्तरोत्तर ऱ्हासाकडेच जातो असे ते मानीत. पुढे १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले आणि सर्व रुग्णांची गत सारखी नसते असे दाखवले, तरी जुनी निराशा ओसरली नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी १९२७ मध्ये तिला हरकत घेतली. रुग्णालयातील डॉक्टरांच्या वाट्याला आजाराच्या अखेरच्या अवस्थाच येतात, आणि वास्तवाशी असलेला संबंध पुरता तुटण्यापूर्वी गाठ पडली तर अनेकांचा आजार तेथेच थोपवता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आजाराच्या आरंभाचे बारकाईने वर्णन करण्याचे काम जर्मनीत झाले. क्लाउस कोनराड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तपासलेल्या सैनिकांच्या आधारे १९५८ मध्ये भ्रमाच्या पायऱ्या मांडल्या. त्यांतील पहिल्या पायरीवर भ्रम नसतो, तर काहीतरी घडू पाहत आहे असा अस्पष्ट ताण असतो. गेर्ड हूबर यांनी १९६० च्या दशकापासून 'मूलभूत लक्षणां'चा अभ्यास केला, म्हणजे विचार मध्येच तुटणे किंवा ओळखीच्या गोष्टी वेगळ्या भासणे यांसारखे असे सूक्ष्म बदल, जे इतरांच्या लक्षात येण्याआधी त्या व्यक्तीला स्वतःलाच जाणवतात.

या निरीक्षणांपैकी बरीचशी आजार झाल्यानंतर मागे वळून केलेली होती आणि खरी अडचण तेथेच होती. आयुर्वेद ज्याला पूर्वरूप म्हणतो, ती आजाराआधीची चिन्हे आजार प्रकट झाल्यावर ओळखणे सोपे असते. पण झोप उडणे, अभ्यासातून लक्ष जाणे, मित्रांपासून दूर राहणे या गोष्टी अनेक तरुणांत आढळतात आणि त्यांपैकी फार थोड्यांना सायकोसिस होते. दुसरा मार्ग अनुवंशाचा होता. सार्नॉफ मेडनिक आणि फिनी शुल्सिंगर यांनी १९६२ मध्ये कोपनहेगनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांच्या २०७ मुलांचा पाठपुरावा सुरू केला. परंतु अशा मुलांपैकीही सुमारे दहांत एकालाच तो आजार होतो, बहुसंख्य रुग्णांचे आईवडील निरोगी असतात, आणि निष्कर्षासाठी दशकानुदशके थांबावे लागते.

मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी आणि ॲलिसन युंग यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास 'पेस' हे उपचारकेंद्र सुरू केले, तेव्हा त्यांनी एकाच खुणेवर विसंबण्याऐवजी अनेक खुणा एकत्र केल्या. वय साधारण १४ ते ३०, मदतीची गरज, आणि पुढील तीनपैकी किमान एक बाब, असा 'अतिजोखमीच्या मनोवस्थे'चा तो निकष होता : सौम्य स्वरूपाची लक्षणे, ज्यांत आवाज ऐकू येतात किंवा संशय येतो पण त्यांविषयी शंकाही शिल्लक असते, आठवड्याच्या आत औषधाविना आपोआप शमणारी स्पष्ट लक्षणे, किंवा जवळच्या नात्यातील आजाराच्या जोडीला दैनंदिन कामकाजात झालेली लक्षणीय घसरण. या निकषात बसलेल्या पहिल्या ४९ जणांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना वर्षभरात सायकोसिस झाले, आणि मागे वळून पाहणाऱ्या शास्त्राला थोड्या अवधीत पुढे पाहता आले.

प्रतिबंधाचा पुरावा मात्र डळमळीत राहिला. २००२ मधील मेलबर्नच्या चाचणीत अल्प मात्रेतील रिस्पेरिडोन हे औषध आणि बोधनात्मक उपचार (विचार तपासून वर्तन बदलण्याची संवादपद्धती) मिळालेल्या ३१ जणांपैकी सहा महिन्यांत तिघांना, तर केवळ आधार व सहकार्य मिळालेल्या २८ पैकी १० जणांना सायकोसिस झाले. परंतु वर्ष पूर्ण होईतो हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या टिकला नाही. व्हिएन्नातील ८१ जणांच्या चाचणीत २०१० मध्ये आशादायक ठरलेली ओमेगा-३ मेदाम्ले, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०४ जणांच्या बहुदेशीय चाचणीत निष्प्रभ ठरली. शिवाय २०१२ च्या एकत्रित विश्लेषणानुसार निकषात बसणाऱ्यांपैकी तीन वर्षांत सुमारे ३६ टक्क्यांनाच सायकोसिस होते. उरलेल्यांना विनाकारण औषध आणि कलंक पत्करावा लागेल, या आक्षेपामुळे अमेरिकेच्या 'डीएसएम-५' या निदानसूचीत (२०१३) या अतिजोखमीच्या अवस्थेला मान्य निदानांत नव्हे, तर अधिक संशोधनाची गरज असलेल्या स्थितींत स्थान मिळाले.

आजार रोखता येईल याची खात्री नसली, तरी तो लवकर गाठल्याचा लाभ दिसला आहे. नॉर्वेतील रोगालँड परगण्यात वृत्तपत्रांतील जाहिराती, शाळा आणि स्थानिक डॉक्टर यांच्या साहाय्याने जागृती केली गेली, तेव्हा पहिले लक्षण आणि उपचार यांमधला काळ २६ आठवड्यांवरून सुमारे ५ आठवड्यांवर आला आणि दहा वर्षांनंतरही तेथील रुग्णांत बरे झालेल्यांचे प्रमाण तुलनेच्या भागांपेक्षा अधिक आढळले. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना जोखीम असलेल्यांना केवळ प्रतिबंधासाठी सायकोसिसविरोधी औषधे देऊ नयेत, बोधनात्मक उपचार द्यावेत, असे सांगतात. तेव्हा कोणाला आजार होणारच हे सांगण्याची शक्ती या निकषात नाही; आज त्रासात असलेल्या तरुणाकडे वेळेत लक्ष जावे आणि आजार झालाच तर उपचारास विलंब होऊ नये, एवढे तो साधतो, आणि त्याचा वापर तेवढ्याच मर्यादेत व्हायला हवा.