किल्ल्यातल्या गोड्या पाण्याची गोष्ट
यंदा आमच्या बचत गटाची एक दिवसाची सहल मालवणला. आधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघायचा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी इथं पूजा करून सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. मग होडीनं कुरटे बेटावर. तटबंदी, शिवराजेश्वराचं मंदिर बघून आम्ही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपाशी थांबणार. चहूकडे खारा समुद्र अन् आत गोडं पाणी! ते नसतं, तर एवढ्या भक्कम तटाआड माणूस राहिला असता का? उन्हाळ्यात हंडे घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या आम्हांला हे वेगळं सांगायला नको. पाणी भरणारीचं नाव मात्र इतिहासात सापडत नाही. म्हणून परतल्यावर आपल्या गावची विहीर कुणी खोदली, पाणी कोण भरायचं, हे आजीला विचारून गटाच्या वहीत लिहायचं. तुम्हीही लिहा.