रूट कॅनलमधील ‘नांगी’

कामठा (जि. गोंदिया) : धानाच्या बांधावरचा खेकडा ज्याने पाहिला आहे, त्याला ‘कीलेशन’ ही संज्ञा चटकन उमगेल. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ती आली. धातूच्या कणाला नांगीसारखे घट्ट धरणारे द्रव्य म्हणजे कीलेटिंग द्रव्य. रूट कॅनल उपचारात त्याने धरावयाचे असते ते दातातील कॅल्शियम.

किडलेल्या दाताच्या मुळातील नलिका डॉक्टर बारीक फाइलने घासून रुंद करतात. या घासण्यात निघालेला दाताचा भुसा, मृत पेशी आणि जंतू यांचा लगदा नलिकेच्या भिंतीवर सारवल्यासारखा बसतो. त्यास ‘स्मिअर लेअर’ म्हणतात. जाडी अवघी १ ते ५ मायक्रॉन. पण डेंटिनमधील सूक्ष्म नळ्यांची तोंडे तो बुजवितो आणि आतील जंतूंपर्यंत औषध पोहोचू देत नाही. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते, सेंद्रिय अंश विरघळविते. मात्र या थरातील खनिजापुढे ते हतबल ठरते. तेथे ‘ईडीटीए’ कामी येते. रक्ततपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य तेच. नॉर्वेचे न्यूगार्ड-ओस्टबी यांनी १९५७ मध्ये ते दंतोपचारात आणले.

साधारणतः १७ टक्क्यांचे द्रावण शेवटच्या धुण्यात सुमारे एक मिनिट पुरते. दहा मिनिटे ठेवल्यास डेंटिनच झिजू लागते. ईडीटीए स्वतः फारसे जंतुनाशक नाही, आणि हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर त्यातील क्रियाशील क्लोरिन संपवून टाकते. म्हणून दोन्ही एकापाठोपाठ वापरावीत, एकत्र कधीच नव्हे.

विदर्भात या विषयाला खर्ऱ्याचा संदर्भ आहेच. सुपारी चघळून दात झिजतात, आतून नवे डेंटिन साचते आणि नलिका अरुंद होतात. अशा वेळी ईडीटीएचे जेल फाइलला वंगणासारखे उपयोगी पडते. मात्र बुजलेली नलिका जेल आपोआप उघडत नाही. उलट, मऊ झालेल्या भिंतीत फाइल भलतीकडे शिरण्याचा धोका असतो. येथे डॉक्टरांच्या हाताला पर्याय नाही.

याचा रुग्णाला लाभ किती? प्रयोगशाळेतील पुरावा भक्कम आहे, प्रत्यक्षातील तितका एकमुखी नाही. लंडनमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पूर्वीचा उपचार फसल्यावर पुन्हा केलेल्या रूट कॅनलमध्ये ईडीटीएने यश लक्षणीय वाढल्याचे दिसले. पहिल्याच उपचारात हा फरक किरकोळ होता. रोजी बुडवून कामठ्याहून गोंदियाला दुसऱ्यांदा त्याच दातासाठी जाणाऱ्या रुग्णाने, शेवटचे धुणे कशाने करणार, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे.