विलोची दाबणी

१९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा ताडकळसमध्ये आमच्या बॅटी बाभळीच्या होत्या. गल्लीतले सुतारकाका औताच्या कामातून उरलेल्या फळीला मूठ काढून देत. चेंडू बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. माझा थोरला भाऊ त्या फळीनेही सुरेख खेळायचा. परभणीला शालेय संघाच्या निवडीत विलोची बॅट त्याच्या हाती पहिल्यांदा आली. बाभूळ विलोच्या जवळजवळ दुप्पट जड. त्या सवयीचे हात चेंडू येण्याआधीच फिरून मोकळे होत. निवड झाली नाही, खेळही सुटला. कमी त्याच्यात होतं की लाकडात, हे शोधता शोधता मी विलोपाशी आलो.

वाळुंज ही विलोची देशी बहीण आपल्याकडे ओढ्याकाठी दिसते. बॅटीचा विलो मात्र इंग्लंडचा किंवा काश्मीरचा. ओंडका करवतीने न कापता धाग्याच्या दिशेने फाडतात, टोकांना मेण लावून महिनोन्‌महिने वाळवतात. एवढं करून हाती येणारं लाकूड इतकं मऊ, की नखाचाही व्रण उठावा. थेट खेळायला घेतलं तर लेदरचा चेंडू त्याला खड्डे पाडील.

म्हणून ते दाबायचं. आमचा मुलूख कापसाचा. ‘प्रेसिंग’ म्हटलं की आम्हाला जिनिंगमधली गठाण आठवते. पण गठाण आरपार आवळलेली असते. बॅट तशी आवळली तर तिचा ठोकळा होईल. रुळाखालून पातं फिरतं तेव्हा मुख्यतः वरच्या थरातले धागे घट्ट होतात, आतलं लाकूड मोकळं राहतं. वर कातडी, खाली मांस. दाब कमी पडला तर बॅट चेंडू सुरेख मारते पण लवकर फुटते. जास्त झाला तर टिकते, पण चेंडू मरगळून निघतो. हे माप यंत्रावर लिहिलेलं नसतं. प्रत्येक फळी वेगळी, म्हणून कारागीर मोगरीने ठोकून आवाज ऐकतो.

तरीही माझ्या मते दाबणीचं कौतुक जरा जास्तच होतं. फटक्याचा मोठा हिस्सा वजन कुठे ठेवलं यावर ठरतो. पात्याचं पोट जिथे जाड, तिथे चेंडू आला तर पातं कमी थरथरतं. टोकाला लागला तर ताकद थरथरण्यातच जाते. आमच्या बाभळीची फळी वर-खाली सारखीच जाड होती. झिणझिण्यांचं उत्तर मला इथे मिळालं. अलीकडे लाकूड अधिक वाळवून, त्याच वजनात कडा फुगवू लागले. अखेर १ ऑक्टोबर २०१७ पासून नियमानेच कड ४० आणि जाडी ६७ मिलिमीटरवर रोखली.

कारागिरीचा इतिहास मात्र फाळणीने चिरलेला आहे. सियालकोटचे बॅटवाले १९४७ नंतर जालंधर आणि मेरठला आले. मागे राहिलेल्यांनी तिकडे धंदा चालू ठेवला. ४ ऑक्टोबर १९९६ ला नैरोबीत शाहिद आफ्रिदीने श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक केलं. ती बॅट आपल्या सचिनची होती, असं आफ्रिदीनेच सांगितलं आहे. सचिनने ती वकार युनूसकडे दिली होती, सियालकोटात तशीच दुसरी घडवून घ्यायला. मुंबईच्या फलंदाजाला आपल्या बॅटीची जोड सियालकोटात शोधावीशी वाटली, याचं मला त्या शतकापेक्षा अप्रूप आहे. आफ्रिदीच्या हाताला ती परकी होती, तरी चालली. भावाची गोष्ट ऐकवताना हे उदाहरण मला नेहमी अडचणीत आणतं.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्यासाठी काश्मिरी विलोची बॅट आणली. माझी पहिली बॅट मी न ठोकताच खेळायला नेऊन टोकाशी फोडली होती, म्हणून ही भावाकडे दिली. जवसाचं तेल पुसून, रोज संध्याकाळी अर्धा तास तो ओसरीवर बसून मोगरीने ती ठोकत असे, कडांना जपत. सुरुवातीचा भद्द आवाज आठवड्याने टणक झाला. पुतण्या न्यायला आला, तर भाऊ म्हणाला, “थांब, अजून दोन दिवस.”