डब्लिनमध्ये हात वर झाले, जमिनीचा भाव वाढला

आज थोडा वेगळा इतिहास. यात राजा नाही, लढाई नाही. जमीन आहे, आणि बरेच वर झालेले हात आहेत.

मागच्या महिन्यात बाबांना एका एजंटने प्लॉट दाखवला. चांगली काळी जमीन, ज्वारी उभी. म्हणाला, "काका, आज ग्रीन झोन आहे, दोन वर्षांत येलो होणार. आतली खबर आहे." बाबा रिटायरमेंटचे पैसे घालायच्या विचारात. मला एकच प्रश्न पडला: झोन बदलायच्या आधीच याला कसं कळलं? मग असे प्रकार जगात कुठे पकडले गेले ते वाचत बसलो आणि पोचलो थेट आयर्लंडला.

तिथे शेतजमिनीवर घरं बांधायची तर काउंटी कौन्सिलच्या विकास आराखड्यात तिचा झोन बदलावा लागतो. तो बदलतात निवडून आलेले कौन्सिलर, मतदानाने. डब्लिन शहर वाढत होतं, घरं हवी होती. सकाळी शेत असलेला तुकडा संध्याकाळी ठराव झाला की कित्येक पट महाग. मालकाने एक वीटही लावलेली नसते! हे सरकारला कळत होतं. न्यायमूर्ती केनी यांच्या समितीने 1973 मध्येच सुचवलं होतं की अशी जमीन कौन्सिलने चालू वापराचा भाव अधिक 25 टक्के देऊन स्वतःच घ्यावी. म्हणजे फुगलेला नफाच उरणार नाही. अहवाल कपाटात गेला.

मग पोलिस काय करत होते? तिथे पोलिसांना 'गार्डा' म्हणतात. 1974 मध्ये 'संडे इंडिपेंडंट'ने एका बांधकाम कंपनीच्या कागदपत्रांतली नोंद छापली: 'प्लॅनिंग' या सदराखाली 15,000 पौंड, आणि पुढे रे बर्क या राजकारण्याचं नाव. तपास झाला, खटला नाही. 1989 मध्ये टॉम गिलमार्टिन या उद्योजकाने तक्रार केली की आपल्याकडे पैसे मागितले जातायत. पुन्हा तपास, पुन्हा खटला नाही.

नुसतं 'पोलिस विकले गेले' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कामाची अडचण बघा. हात वर करणं हा गुन्हा नाही, ती तर लोकशाही. निवडणुकीला देणगी घेणंही तेव्हा चालत होतं. पाकीट आणि मत यांची गाठ सिद्ध करायची, तर आतल्या कुणीतरी बोलायला हवं. आणि देणारा-घेणारा दोघंही खूश असतील तर बोलणार कोण?

1995 मध्ये दोघा जणांनी 'आयरिश टाइम्स'मध्ये जाहिरात दिली: झोनच्या भ्रष्टाचाराची माहिती द्या, दोषी ठरले तर 10,000 पौंड बक्षीस. संपर्कासाठी वकील सीमेपलीकडचे, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरी गावचे. जेम्स गोगर्टी नावाचे एक निवृत्त बांधकाम अधिकारी बोलायला तयार झाले. 1997 मध्ये बर्क यांना परराष्ट्रमंत्रीपद सोडावं लागलं आणि चौकशी आयोग बसला. एप्रिल 2000 मध्ये फ्रँक डनलॉप हे लॉबिस्ट साक्षीला उभे होते. न्यायमूर्ती फ्लड म्हणाले, रात्रभर विचार करा. दुसऱ्या दिवशी डनलॉप यांनी कबूल केलं: कौन्सिलरांना पैसे दिले होते.

आयोगाचा शेवटचा अहवाल आला मार्च 2012 मध्ये. 3,000 हून जास्त पानं. पण शिक्षा? डनलॉप यांना 2009 मध्ये कॅरिकमाइन्सच्या जमिनीसाठी लाच दिल्याबद्दल तुरुंगवास झाला. बर्क 2005 मध्ये तुरुंगात गेले, पण करचुकवेगिरीसाठी. जॉर्ज रेडमंड या वरिष्ठ अधिकाऱ्यांना 1999 मध्ये विमानतळावर सुमारे 3 लाख पौंडांच्या रोख रकमेसह आणि चेकसह पकडलं. 2003 मध्ये ते दोषी ठरले, पण बँकेचे नवे कागद पुढे आल्यावर 2004 मध्ये तो निकाल रद्द झाला. 2013 मध्ये काही कौन्सिलरांवरचा खटला मुख्य साक्षीदार डनलॉप आजारी पडल्यामुळे कोसळला. आयोगही चुकला: गोगर्टी यांच्या जबाबांचा काही भाग त्याने आरोप असलेल्यांपासून लपवला होता, त्यामुळे काही निष्कर्ष मागे घ्यावे लागले.

आम्ही कोड लिहिणारे लोक काही बिघडलं की आधी लॉग बघतो. इथे लॉग होता, पण त्यात फक्त मतं होती. कारणं नव्हती. पोलिस पोचतात तेव्हा वीसेक वर्षं उलटलेली असतात, साक्षीदार म्हातारे झालेले असतात, आणि शेताच्या जागी घरं उभी असतात. ती काही कुणी परत नांगरत नाही. म्हणून मला वाटतं, खरी संधी 1973 मध्येच हुकली. एका ठरावाने मिळणारा फुकटचा नफा काढून घेतला असता, तर पाकीट द्यायचं कारणच उरलं नसतं.

बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली. ते गप्प बसले. मग एजंटला फोन लावून म्हणाले, "झोन बदलणार हे तुम्हाला कुणी सांगितलं, तेवढं लिहून द्या."

त्याचा अजून फोन आलेला नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!